ऐकू येणारा रेझिस्टर

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात ओवेन ब्रॅडली यांचा 'क्वॉनसेट हट' नावाचा स्टुडिओ होता. मार्टी रॉबिन्स या कंट्री गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं तिथे ध्वनिमुद्रित होत होतं. मधल्या तुकड्यात ग्रेडी मार्टिन यांनी सहा तारांची बास गिटार छेडली आणि स्पीकरमधून फाटका, घरघरणारा आवाज बाहेर पडला. मिक्सिंग टेबलाची एक वाहिनी बिघडली होती. गाणं हळुवार, आणि मध्येच हा खरखरीत सूर. पण तो तुकडा कोणी काढला नाही. १९६१ मध्ये ते गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्या ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ होते ग्लेन स्नॉडी. बिघडलेली वाहिनी पुढे पुरती बंद पडली, आणि नेमकं तेव्हाच इतर कलाकार 'तोच आवाज हवा' म्हणून येऊ लागले. स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याला हाताशी धरून तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट रचलं. तीन जर्मेनियम ट्रांझिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल आणि पायाने दाबायचं एक बटण. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणलं. गिटारमधून सॅक्सोफोनचा, ट्रंपेटचा, चेलोचा आवाज काढा, अशी त्याची जाहिरात होती. लोकांना ते पटलं नाही आणि खोकी दुकानांत पडून राहिली. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट याच पेडलमधून वाजवली. पुढे तिथे पितळी वाद्यं घालायची, तोवर खूण म्हणून हे राहू दे, एवढाच त्याचा हेतू होता. खूण तशीच छापली गेली, आणि दुकानांतली खोकी संपली.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण बिघाडाचा नुसता उपयोग करून स्नॉडी थांबले नाहीत. तो कशामुळे होतो ते त्यांनी शोधलं, आणि समजलेली गोष्ट पुन्हा हातांनी उभी केली. घरी गिटारचं पेडल बनवणारा प्रत्येक जण आजही हेच करतो.

या लेखापुरतं मी एकच पेडल घेतलं आहे: 'फझ फेस'. लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते १९६६ मध्ये आणलं. मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीसारखं गोल, जाड, लोखंडी वाटावं असं. जिमी हेंड्रिक्सने ते वापरलं आणि ते अजरामर झालं. १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं तेव्हाही त्याच्या पायाशी फझ फेस होतं. आत काय असतं? दोन ट्रांझिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट म्हणजे फिरवायच्या खुंट्या. अकरा वस्तू. घरातल्या साध्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरच्या आसपासच हा पसारा आहे, पण त्या अकरा वस्तूंतली प्रत्येक वस्तू कानाला ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये असं दुसरं सर्किट मी पाहिलेलं नाही, आणि या लेखात मला सांगायचंय ते एवढंच.

माझी भाची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग करते आणि गिटार वाजवते. ट्रांझिस्टरची गणितं तिला तोंडपाठ आहेत. आम्ही ब्रेडबोर्डवर सर्किट मांडलं. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रांझिस्टरच्या कलेक्टरला दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडलेले असतात: ४७० ओहम आणि ८.२ किलोओहम. त्यांच्या सांध्यातून आवाज बाहेर घेतात. ४७०चा काढून तिथे १ किलोओहमचा लावला. तिने तार छेडली आणि थबकली.

"मामा, हा आवाज जवळजवळ दुप्पट झाला की!"

"व्होल्टेज डिव्हायडर. दुसऱ्या सेमिस्टरला शिकलीस."

"शिकले. ऐकला नव्हता कधी."

मग आम्ही पहिला कपॅसिटर बदलला. मूळ २.२ मायक्रोफॅरडचा. त्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा लावला की खर्ज नाहीसा होतो. कारण सरळ आहे. या सर्किटचा इनपुट अवरोध जेमतेम काही किलोओहम असतो. त्याच्याशी २.२ मायक्रोफॅरड जोडला तर सगळं आरपार जातं. ०.१ जोडला तर काहीशे हर्ट्झच्या खालचं अडतं, आणि गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर तर ८२ हर्ट्झवर असतो. वहीतलं आरसी फिल्टरचं सूत्र हेच. पण इथे त्या सूत्राने गिटारचा आवाज सडपातळ होतो आणि ते आपल्याला समोर ऐकू येतं.

आता फझ म्हणजे नेमकं काय होतं, ते शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी वाचकाला समजावणं सोपं आहे असं मला वाटतं. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची तार थरथरली की त्या वेढ्यांत व्होल्टचा एखादा अंश वीज निर्माण होते. ती वीज ट्रांझिस्टर कैक पटींनी वाढवू पाहतो, पण बॅटरी ९ व्होल्टची. लहरीला याहून उंच जायला जागाच नाही, म्हणून तिचा माथा कापला जातो. गोलसर लहर चौकोनी होऊ लागते. आणि चौकोनी लहर म्हणजे मूळ सुराबरोबर नव्याने जन्मलेले वरचे सूर. मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट कंपनांचा म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात, तोच हा. फझमधून नुसता षड्ज वाजवला की ही सगळी मंडळी बरोबर येतात. तानपुऱ्यात हे काम जवारी करते. घोडीच्या किंचित गोलाईवर तार घासत थरथरते आणि उपस्वर फुलतात. मिरजेचे कारागीर घोडी कानसत, दोरा सरकवत कानाने जे साधतात आणि ज्या कामासाठी मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्याशी या पेडलचं नातं आहे असं मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. तारेचा स्वच्छ सूर थोडा अडवायचा आणि त्या अडवण्यातून तो समृद्ध करायचा, हे दोन्हीकडे आहे.

रॉकचे गिटारवादक फझ लावल्यावर पूर्ण कॉर्ड सहसा का टाळतात, तेही यातूनच कळतं. दोन सूर एकदम वाजवले की सर्किट त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकीही करतं, आणि ते नवे सूरही ऐकू येतात. षड्ज आणि पंचम यांचं प्रमाण २ ला ३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. उत्तम. सगळा घाट भरदार होतो. यालाच 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. त्यात गंधार मिसळला की मात्र गोंधळ माजतो, कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (स्वरांतर मोजायचं बारीक एकक) चढा असतो. पंचम फक्त २ सेंट उतरलेला. साध्या आवाजात हा फरक खपून जातो, फझमध्ये तो खरखरतो. गेल्या साठ वर्षांतलं किती संगीत या वजाबाकीवर उभं आहे, याचा विचार करून पाहा.

सुटे भाग आणायला मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारलंत तर दोनदा सांगावं लागेल. पुण्यात बुधवार पेठ, तपकीर गल्ली. रेझिस्टर, कपॅसिटर, पॉट, झीरो पीसीबी, सगळं मिळतं, तेही अगदी किरकोळ पैशांत. ३३ किलोओहमचा रेझिस्टर मागायची गरजही पडत नाही: तीन नारिंगी पट्टे दिसले की झालं. अडचण येते ती जर्मेनियम ट्रांझिस्टरची. तो आता कोणी फारसा बनवत नाही. जगभर जुने साठे विकले जातात, आणि त्यांत नाव खोडून नवं छापलेला मालही असतो.

पण आपल्याकडे एक जुनी खाण आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्येच जर्मेनियम अर्धवाहकांचं उत्पादन सुरू केलं होतं. त्या पिढीचे ट्रांझिस्टर घरोघरच्या रेडिओंत बसले, आणि ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या डब्यांत अजून शिल्लक आहेत. बुधवार पेठेतले असेच एक वयस्कर मेकॅनिक आम्हाला भेटले. त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत एसी १२८, एसी १८८, काहींवरची अक्षरं पुसलेली.

"काका, यातले चांगले कोणते?" भाचीने विचारलं.

"चांगला-वाईट मीटर सांगेल, बाळ. आम्ही रेडिओ वाजतोय का तेवढं पाहायचो. तुला जे पाहिजे ते तुझा कान सांगणार."

मीटरही इथे सरळ सांगत नाही, आणि हा भाग खोलात जाऊन सांगण्यासारखा आहे. जर्मेनियम ट्रांझिस्टर पूर्ण बंद असतानाही त्यातून थोडी वीज गळते. साधा मल्टिमीटर ती गळतीही गेन, म्हणजे वीज किती पट वाढते तो आकडा, म्हणून मोजतो. त्यामुळे ८०चा ट्रांझिस्टर ११०चा दिसतो. पेडलांच्या सर्किटांवर लिहिणारे आर. जी. कीन यांनी यावर सुंदर युक्ती लोकप्रिय केली. ट्रांझिस्टरला ९ व्होल्ट द्यायचे, कलेक्टरला २.४७ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावायचा आणि बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाचायचं. ही गळती. मग बेसला २.२ मेगओहममधून वीज द्यायची. सुमारे ४ मायक्रोॲम्पिअर जाते. पुन्हा वाचायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला आणि शंभराने गुणलं की खरा गेन. १.१ व्होल्टमधून गळतीचे ०.३ गेले, उरले ०.८, म्हणजे गेन ८०. फझ फेसला पहिला ट्रांझिस्टर ७० ते ८० गेनचा आणि दुसरा ११० ते १३०चा असेल तर छान, असं त्यांचं निरीक्षण. काकांच्या दुकानात आम्ही हे मोजत बसलो, आणि रेडिओचं सगळं आयुष्य पाहिलेला तो माणूस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

मोजताना त्यांनी एक ट्रांझिस्टर चिमटीत धरायला सांगितला. मीटरवरचा आकडा हळूहळू चढू लागला. बोटांच्या उबेने. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. लंडनच्या २० अंशांत जुळवलेलं सर्किट आपल्या ४० अंशांत आणलं तर गळती चौपट. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याचं तर विचारूच नका. मग दुसऱ्या ट्रांझिस्टरच्या कलेक्टरवर जे साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, असायला हवेत ते जागेवर राहत नाहीत. सूर शेवटाकडे लांबत विरण्याऐवजी तुटक, खोकल्यासारखा बंद पडतो. परदेशी पुस्तकांतले रेझिस्टरचे आकडे डोळे मिटून उतरवणाऱ्याला हे कळत नाही आणि तो स्वतःच्या सोल्डरिंगला दोष देत बसतो. उपाय सोपा: ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा ट्रिमपॉट लावा, आपल्या खोलीत, आपल्या हवेत तो फिरवून साडेचार व्होल्टवर आणा, मग त्याच्या आसपास थोडं पुढे-मागे करून कानाला आवडेल तिथे थांबा. कमी गळतीचे ट्रांझिस्टर निवडा. आणि हे ट्रांझिस्टर बोर्डात सॉकेट बसवून लावा. सोल्डरिंग आयर्नची उष्णता त्यांना सोसत नाही.

दुसरा मार्ग सिलिकॉनचा. मूळ कंपनीनेही पुढे तोच धरला. बीसी १०८, बीसी १०९ असे ट्रांझिस्टर उन्हाळ्याला फारशी दाद देत नाहीत, स्वस्त आहेत आणि कुठेही मिळतात. आवाज अधिक धारदार, गेन भरपूर. जर्मेनियमचा आवाज गोलसर, बोटांना जास्त जवळचा. मला जर्मेनियम आवडतो. पण महाराष्ट्रात राहून, मंडपात, दिव्यांखाली वाजवणाऱ्याने सिलिकॉन घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

बोर्ड जुळवायला एक संध्याकाळ पुरते. डबा मात्र वेळ खातो. तो धातूचाच हवा आणि सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला हवा, नाहीतर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घूं पेडल आनंदाने मोठी करून ऐकवतं. ओतीव ॲल्युमिनियमचा डबा उत्तम. भोक पाडण्याआधी पंच मारा, नाहीतर ड्रिल घसरतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग मोठं. पायाच्या बटणाला १२ मिलिमीटर लागतं. या बटणाला नऊ पाय असतात: सहा आवाजाला वळवायला, तीन दिवा लावायला. ते बंद असताना गिटारचा आवाज सर्किटला न शिवता थेट पुढे जातो. इनपुटचा जॅक स्टिरिओ घेतात, त्यातही कारण आहे. गिटारची पिन आत गेली की तिच्याच अंगाने बॅटरीचं एक टोक जोडलं जातं, पिन काढली की तुटतं. वेगळा स्विच लागत नाही. वीज तरी किती खातं? दिवा सोडला तर एक मिलिॲम्पिअरच्या आत.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. पीएनपी जर्मेनियमच्या मूळ रचनेत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. बाकीच्या पेडलांत ऋण टोक. दोन्ही एकाच ॲडॅप्टरवर जोडली तर शॉर्ट होतं. अशा पेडलला बॅटरीच द्या.

पेडल तयार झालं की त्याची खरी गंमत गिटारच्या व्हॉल्यूमच्या खुंटीत आहे. सर्किटचा इनपुट अवरोध कमी असल्यामुळे ते पिकअपला दाबून धरतं. खुंटी थोडी कमी केली की हा दाब सुटतो आणि फाटका आवाज चमकदार, काचेसारखा स्वच्छ होतो. म्हणजे पेडल पायाने सुरू होतं, पण वाजतं बोटांनी. म्हणूनच ते गिटारला सगळ्यात जवळ, इतर पेडलांच्या आधी लावायचं असतं.

आपल्याकडेही या आवाजाची वाट कोणी-कोणी तुडवून ठेवली आहे. १९७० आणि १९७१च्या 'सिमला बीट' स्पर्धांच्या रेकॉर्डवर भारतीय बँडच्या गिटार ऐका, फझ ऐकू येईल. परदेशी माल आणणं तेव्हा दुरापास्त. त्यामुळे गिटार असो की अँप्लिफायर, इथल्याच कारागिरांकडून बनवून घेण्यावर अनेकांची भिस्त असे. रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, गायक नंदू भेंडे याच मुंबईच्या रॉक वर्तुळातून पुढे आले. नाट्यदिग्दर्शक ॲलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास गायला. त्या पिढीच्या वादकांवर लिहिलं गेलं, पण त्यांची यंत्रं जोडून देणाऱ्या मेकॅनिक मंडळींवर जवळजवळ काहीच नाही. हे काम कोणीतरी हाती घ्यायला हवं, त्यातली माणसं आहेत तोवर. आज मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखी मंडळी स्वतःच्या रचनेची पेडलं बनवतात, हे पाहून बरं वाटतं.

या कलेत दोन परंपरा आहेत. १९७५ मध्ये क्रेग अँडर्टन यांनी 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हे पुस्तक लिहिलं आणि वादकांपुढे सर्किटं उघडी करून ठेवली. उलट १९९४ पासून बिल फिनेगन यांनी हाताने बनवलेलं 'क्लॉन सेंटॉर' हे गाजलेलं पेडल: आतल्या बोर्डावर त्यांनी इपॉक्सीचा थर ओतला, कोणाला नक्कल करता येऊ नये म्हणून. आपल्या मेहनतीचं रक्षण करण्याचा त्यांचा हक्क मी मान्य करतो. तरी लोकांनी तो थर खरवडलाच आणि सर्किट कागदावर उतरवलं. मी अँडर्टन यांच्या बाजूचा आहे. आज फोनपासून मिक्सरपर्यंत घरातल्या वस्तू न उघडण्यासाठीच बनतात, आणि आपली हुशार मुलं चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकूनही एखाद्या भागाने काय केलं ते इंद्रियांनी अनुभवत नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत फझ फेस ठेवावं. ऑसिलोस्कोपवर लहर कापलेली दिसावी आणि त्याच क्षणी स्पीकरमधून ती ऐकू यावी. खर्च म्हणाल तर एखाद्या जाड पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त नाही.

ज्यांना दिवाळीच्या सुट्टीत हात घालायचा आहे त्यांनी सिलिकॉनपासून सुरुवात करावी. दोन बीसी १०८, ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी. बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला आणि ध्रुवता असलेले कपॅसिटर त्यानुसार उलट. आधी कानाने पटवा, मगच सोल्डर करा. शिशाच्या सोल्डरचं काम झालं की हात साबणाने धुवा, खिडकी उघडी ठेवा. नऊ व्होल्टचा शॉक लागत नाही, त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुलंही मोठ्यांच्या सोबतीने हे निर्धास्तपणे करू शकतात. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं झाकण मात्र उघडू नका: त्यात शेकडो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात.